कुंदाचं कोपर

नवा कॅमेरा घरी आला त्या दिवसापासून कुंदाचं कोपर प्रत्येक चौकटीच्या उजव्या कडेला येऊ लागलं. कुंडीतल्या मोगऱ्याचा फोटो काढा, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींचा काढा, कोपर हजर. सात वर्षांच्या मुलीचं, जरासं दुमडलेलं. टोकाला खरचटलेलं आणि त्यावर लाल औषध लावलेलं. कुंदाला जाऊन अडुसष्ट वर्षं झाली होती.

"आजी, लेन्स मी दोनदा पुसली," शकूताईंची नात गार्गी म्हणाली. "लेन्सवर काही नाहीये."

"लेन्सला काय धाड भरलीय? कुंदाचं कोपर आहे ते."

"कुंदा म्हणजे तुझी बहीण?"

"धाकटी."

गार्गीनं पडद्यावर बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं. "शार्प आलंय पण," ती म्हणाली.

शकूताईंनी ह्या कॅमेऱ्याची नऊ महिने वाट पाहिली होती. गार्गीच्या फोनवर त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. वरून चंदेरी टोपी, अंगाला काळं खडबडीत चामडं, डोक्यावर आकडे कोरलेली चकती. ती फिरवली की दर आकड्याला टक् वाजायची. आत सगळं आजचं, बाहेरून मात्र जुन्या दिवसांतला. त्याला एवढी मागणी होती, की दुकानदार दर महिन्याला पुढचा महिना सांगायचा.

"एवढ्यात बाळ होतं हो आई," त्यांची सून मेधा हसायची.

मुलगा श्रीपाद म्हणायचा, "आई, अगं मोबाईलमध्ये ह्याच्या चौपट सोयी आहेत."

"असतील. पण मोबाईलला फिरवायला चकती आहे का? बोटाला काही कळायला नको?"

कॅमेरा आल्यावर पहिले दोन दिवस त्या नुसती चकती फिरवत होत्या. जेवतानाही तो ताटाशेजारी असायचा. मेधानं त्याला नैवेद्य दाखवू का विचारलं, तेव्हा शकूताई म्हणाल्या, "दाखव की. तुझ्या हातची आमटी खाऊन बघू दे त्यालाही."

जुना फोटो कपाटात होता. कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हाचा. वडील तिथं ओव्हरसियर होते. पत्र्याच्या क्वार्टरसमोर सगळे ओळीनं उभे होते आणि वडिलांनी त्या दिवशी कॅमेरा बारा वर्षांच्या शकूच्या हातात दिला होता, कारण त्यांना स्वतःला एकदा तरी फोटोत यायचं होतं. काळा पेटीसारखा कॅमेरा. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या एवढ्याशा काचेत पाहायचं. "काचेत उलटं दिसतं हं, शकू," वडील म्हणाले होते. "डावं ते उजवं. लक्षात ठेव."

शकूनं काचेत पाहिलं. कुंदा कडेला अर्धी कापली जात होती. शकूनं मान खाली ठेवूनच हातानं खूण केली, तिकडे सरक. कुंदा सरकली, आणि आणखी कापली गेली. "नीट सरक की गं," शकू ओरडली. "आणखी. आणखी." कुंदा ऐकणारी मुलगी होती. रोलमधला तो शेवटचा, आठवा फोटो होता.

रोल साताऱ्याला धुवायला गेला तेवढ्यात कुंदा घटसर्पानं गेली. फोटो पोस्टानं आला. त्यात सगळे होते, आणि उजव्या कडेला एक कोपर. त्याच्या टोकाला काळा ठिपका होता. कुंदाचा दुसरा फोटो नव्हता. वडील बराच वेळ तो हातात धरून बसले आणि म्हणाले, "छान आलाय. शकूनं हात हलू दिला नाही." पुढं ते चाळीस वर्षं जगले. त्यांनी ह्याहून वेगळं कधी काही म्हटलं नाही. कुंदाचा चेहरा शकूताईंना कधी आठवेनासा झाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या ठिपक्याचा रंग लाल होता, एवढं आता नव्या कॅमेऱ्यानं सांगितलं होतं.

शकूताईंनी कॅमेरा उजवीकडे वळवला. कोपरही तेवढंच उजवीकडे गेलं. झर्रकन वळवला, तरी कडेलाच.

"झूम आउट कर," श्रीपाद सोफ्यावरून म्हणाला.

"बाबा, ह्याला झूम नसतो," गार्गी म्हणाली. "जवळ हवं तर आपण पुढं जायचं, जास्त हवं तर मागं. तीच तर मजा आहे."

शकूताई एक पाऊल मागं गेल्या. कोपराच्या वर दोन बोटं दंड दिसला. आणखी एक पाऊल, आणखी दोन बोटं. त्यांची पाठ भिंतीला लागायला हवी होती, पण लागली नाही. दिवाणखाना त्यांच्यामागे तेवढा वाढला होता.

कराडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवाणखाना चौदा फुटी. आठवडा संपेपर्यंत तो साठ फुटी झाला. श्रीपादनं टेप आणून मोजला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं. ते येऊन पाहून गेले. म्हणाले, बाहेरून काही दिसत नाही, तेव्हा हरकत नाही. मेधानं वाढलेल्या जागेत सतरंज्या टाकल्या. समारंभाला माणसं यायची होती, जागा लागणारच होती. शकूताईंना ऐंशी पुरी झाली होती. सहस्रचंद्रदर्शन रविवारी होतं.

शनिवारपर्यंत कुंदाचा पूर्ण दंड दिसला, फुग्याची बाही दिसली आणि खांद्यावर आलेली लाल रिबीन. फ्रॉकवर निळे चौकडे होते. शकूताईंना ते आठवत नव्हते, पण पाहिल्यावर ते चुकीचे वाटले नाहीत. चहा घ्यायला त्या पुढं आल्या की मिळवलेली रिबीन जायची, म्हणून चहा गार्गी आणून द्यायची. कप हातात देईपर्यंत तो निवलेला असायचा.

रविवारी ओवाळणं झालं. ते शकूताईंनी दूर, खोलीच्या टोकाला उभ्यानंच करून घेतलं. निरांजनांचं ताट घेऊन पाचजणी चालत आल्या आणि चालत गेल्या. मग फोटोसाठी सगळे समोरच्या भिंतीशी जमले. मधली खुर्ची रिकामी होती. तिथून श्रीपाद हात हलवत होता. तो अंगठ्याएवढा दिसत होता.

"आई, ये आता! तुझ्याशिवाय कसला फोटो?"

"आले, आले."

"कॅमेरा स्टँडवर लावू या, टायमर आहे त्याला!" गार्गी ओरडली.

"आई, गुडघे दुखतील हो तुमचे!" हा आवाज मेधाचा होता, पण तो मुंगीच्या आवाजाएवढा झाला होता.

शकूताईंनी डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. कान दिसत होता, कानामागची वेणी दिसत होती. गालाची कड नव्हती. त्या एक पाऊल मागं गेल्या. गालाची कड आली नाही. आणखी दोन पावलं. नाही. खोली लांबतच होती, श्रीपाद अंगठ्यावरून नखाएवढा झाला होता, आणि कुंदा होती तेवढीच दिसत होती.

मग त्यांनी नीट पाहिलं. फ्रॉकचा घेर हलत होता. कुंदा सरकत होती. तिला कुणी थांब म्हटलंच नव्हतं.

"कुंदा," शकूताई म्हणाल्या. "थांब."

घेर हलायचा थांबला.

"आता कुठंच सरकू नको. माझ्याकडे ये."

चौकटीतला फ्रॉक मोठा होऊ लागला. एकेक चौकडा पाटीएवढा झाला, मग खिडकीएवढा. त्याच्या कडा पुसट होत गेल्या. मग सगळं निळं झालं आणि मग काळोख. कुणीतरी भिंगावर हात ठेवला होता. कॅमेरा शकूताईंच्या हातातून काढून घेतला गेला. घेणारे हात गरम होते. तापात असतात तसे.

"अक्का, तू तिकडं जाऊन बस. मी काढते."

"तुला येतो का हा?"

"मला काय झालंय न यायला?"

शकूताई चालत निघाल्या. मागं वळून पाहायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वळल्या नाहीत. चौदा पावलांत खुर्ची आली. त्या बसल्या तेव्हा दिवाणखाना पुन्हा पूर्वीएवढा होता आणि पाहुण्यांना एकमेकांना चिकटून उभं राहावं लागत होतं.

"कोण काढतंय?" श्रीपादनं विचारलं.

"कुंदा."

"बरं. सगळे हसा रे."

समोर कुंदा उभी होती. तिनं कॅमेरा पोटाशी धरला होता आणि मान खाली घातली होती. भांगाची पांढरी रेघ तेवढी दिसत होती, आणि दोन लाल रिबिनी. चेहरा दिसत नव्हता. शकूताई वाट पाहत बसल्या. पोटाशी कॅमेरा धरणारं माणूस फोटो काढून झाल्यावरच मान वर करतं, हे त्यांना ठाऊक होतं.

कुंदानं मान खाली ठेवूनच हातानं खूण केली. तिकडे सरक.

"ह्याच्यात उलटं दिसत नाही गं, कुंदा," शकूताई म्हणाल्या. "मी मधेच आहे."

हात पुन्हा हलला.

शकूताई खुर्चीवरून उठल्या. मेधाच्या पुढून गेल्या.

"आई, अहो कुठं?"

"सरकायला सांगतेय ती."

"नीट सरक की गं," कुंदा म्हणाली.

शकूताई श्रीपादच्या पुढून गेल्या, गार्गीच्या पुढून गेल्या. सोफा संपला. त्याच्यापुढे भिंत होती, पण भिंतीनं जागा दिली. श्रीपादनं त्यांचा पदर धरला आणि पदर त्याच्या हातातून पाण्यासारखा निघून गेला.

"आणखी," कुंदा म्हणाली. "आणखी."

त्यांच्या डाव्या खांद्याला काहीतरी गार, सरळ लागलं. चौकटीची कड असावी. त्या तिच्या पलीकडे गेल्या. जाताना उजवं कोपर त्यांनी जरासं दुमडलं आणि आतच ठेवलं.

टक् वाजलं. भांगाची पांढरी रेघ हळूहळू मागे कलू लागली.