कोकमकडे पाहायचं नाही

शनिवार, ऑगस्टअखेर. शारजा, अल नहदा, आमचा फ्लॅट. उपस्थित: मी, वरच्या मजल्यावरच्या सुलभाताई, त्यांच्याबरोबर आलेली वैशाली, आणि कोकम, म्हणजे माझ्या मुलीनं पाळलेली शॅमेलिऑन, रंग बदलणाऱ्या सरड्यांच्या जातीतली. अनुपस्थित: माझी मुलगी इरा. ती कोकमसाठी जिवंत रातकिडे आणायला गेली होती. त्या दुपारी घडलं ते तिच्या गैरहजेरीत, पण लिहायचं आहे ते तिच्याचविषयी.

इरा म्हटलं की मला आधी थेंबाचा आवाज ऐकू येतो. शॅमेलिऑनला वाटीतलं पाणी पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब चमकला तरच तिची जीभ बाहेर येते. हे कळल्यावर इरानं देवघरातलं जुनं अभिषेकपात्र मागून घेतलं आणि जाळीच्या उंच पिंजऱ्यावर टांगलं. तेव्हापासून आमची सकाळ त्या संथ ठिबकण्यानं उजाडू लागली. बाहेर टॉवरच्या काचांवर पांढरा, दमट उजेड साचलेला, आत एसीची अखंड घरघर, आणि त्या घरघरीत मनी प्लांटच्या पानावर एकेक थेंब पडतो आहे. खाली हनुवटी वर करून उभी असलेली इरा, जणू तहान तिलाच लागली आहे.

ही मुलगी मुळात धांदरट. जिना उतरताना दोन पायऱ्या गाळणारी, वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवणारी. पण कोकम घरात आली आणि इराच्या हालचालींत एक वेगळा ऋतू उतरला. ती खोलीत शिरताना दाराशी क्षणभर थांबू लागली. पिंजऱ्याकडे समोरून जायचं सोडून कडेकडेनं जाऊ लागली. हात पुढे करायची तो पकडण्यासाठी नव्हे. फांदीसारखा नुसता धरून ठेवायची, मनगट सैल, बोटं किंचित वाकलेली, आणि कोकमला यावंसं वाटेपर्यंत ती फांदी हलायची नाही. कोकमचा एक डोळा तिच्याकडे, दुसरा खिडकीकडे. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अगं, पोळ्या गार होतायत!” मग केव्हातरी ती हिरवी, आठवणीसारखी सावकाश पावलं तिच्या मनगटावर चढायची, आणि इरा श्वास सोडायची.

त्या आठवड्यात कोकमनं खाणं टाकलं होतं. अंगावर गडद हिरव्यात निळे-पिवळे ठिपके उमटले होते, पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. नर नसतानाही या जातीच्या मादीच्या पोटात अंडी धरतात. ती फळणारी नसतात, पण घालावी तर लागतातच. त्यासाठी इरानं ओल्या वाळूची खोल कुंडी पिंजऱ्यात ठेवली होती आणि जाताना बजावलं होतं, “आई, डोन्ट डिस्टर्ब हर, हं.” हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. सोमवारी इरा शिकायला नेदरलँड्सला निघणार होती. माझं अर्धं लक्ष सामानात होतं.

सुलभाताई आल्या त्या मोगऱ्याचा गजरा आणि दोन झाकलेल्या वाट्या घेऊन. एकीत पेढा, एकीत बर्फी. “पहिलटकरीण आहे ना? मग डोहाळजेवण नको?” म्हणत त्यांनी गजरा पिंजऱ्याच्या कडीला अडकवलासुद्धा.

“आणि नवरा कुठंय हिचा?” वैशालीनं विचारलं.

“हिला लागत नाही,” मी म्हटलं.

“बरंय बाई! ना नवरा, ना सकाळचे डबे. आम्हाला कुणी सांगितलंच नाही असंही जमतं ते.”

आम्ही तिघी हसत कुंडीवर वाकलो. अंडी घालायला कोकम वाळूत बोगदा खणत होती, त्यातून तिची फक्त शेपटी दिसत होती. तेवढ्यात खणणं थांबलं. कोकम मागे मागे सरकत वर आली, नाकाला वाळू चिकटलेली. तिचा शंकूसारखा डोळा आमच्या तिघींवरून एकेक करून फिरला. डोळ्यांदेखत ती काळवंडली, आणि फांदी धरून थेट उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली जाऊन बसली. आमचं हसू तिथंच राहिलं.

इरा आली, गजरा पाहिला, वाट्या पाहिल्या, आणि आवाज न चढवता म्हणाली, “आंटी, प्लीज. सगळ्या हॉलमध्ये. यल्ला, चला.” दार लोटून घेतल्यावर मला म्हणाली, “आई, शी सॉ यू. खणताना कुणी पाहतंय असं वाटलं तर त्या थांबतात. मग अंडी आतच राहतात.”

“आणि राहिली तर?”

“देन शी डाइज.”

मी सवयीप्रमाणे उपाय मोजू लागले: डॉक्टर, औषध, तिकिटाची तारीख बदलणं. इरानं तिकिटाचं नावही काढू दिलं नाही. खणलेली वाळू तिनं उपसली आणि पुन्हा भिजवू लागली. वाळू कोसळता कामा नये आणि चिखलही होता कामा नये, म्हणाली. तेवढं मला कळत होतं. मी मूठभर घेऊन दाबली. लाडवाच्या पिठाचा वळतो तसा मुटका वळला. “परफेक्ट,” ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात आमच्या दोघींची उंची सारखी झाली. मग तिनं पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंनी माझी निळी सोलापुरी चादर लावली, समोरही ओढली, आणि माझ्या खांद्याला धरून मला दाराकडे वळवलं. “आता कुणीच पाहायचं नाही. मी पण नाही.”

रविवार गेला. दूध उतू जातंय का, गॅस बंद आहे का, पासपोर्ट पाऊचमध्ये आहे का, हे दहादा पाहणारी मी, त्या चादरीवरून नजर वळवायला इराकडूनच शिकले. ती बॅग भरत होती, गुणगुणत होती. चादरीजवळून जाताना पावलं हलकी करत होती, मान मात्र वळवत नव्हती. तिच्या त्या न वळणाऱ्या मानेत मला जी खात्री दिसली, ती माझ्या कुठल्याही देखरेखीत कधी नव्हती. सोमवारी संध्याकाळी ती निघाली तेव्हाही चादर तशीच होती. “तिला जमेल,” दारात ती मराठीत म्हणाली. “यू जस्ट... बघू नकोस.”

विमानतळावरून परतले. खोलीत अंधार होता आणि त्या अंधारात वाळू खरवडल्याचा बारीक, ठाम आवाज येत होता. मी चपलाही न काढता दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकम चादरीच्या वरच्या फटीतून डोकावली. पोट खपाटीला गेलेलं, रंग पुन्हा पोपटी, आणि जीव तहानेनं घशाशी आलेला. ती कितीतरी वेळ थेंब पीत राहिली. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, “टोल्ड यू!” आणि पाठोपाठ, “आई, कुंडीतली अंडी काढून टाक, वाळू बदल. इट विल स्मेल.”

आता चादर काढली आहे. कुंडीतली वाळू कोकमनं स्वतःच लोटून, दाबून इतकी सपाट केली आहे की खाली काही आहे असं कुणाला सांगूनही पटू नये. घरातून गेलेलं माणूसही असंच राहतं: वर सगळं नेटकं, आणि काळाच्या ओल्या थरांखाली त्याचं येणं-जाणं, त्याचे थांबलेले हात, एकमेकांना बिलगून. घरातली बाकीची कामं उरकली आहेत. वाळू उपसायची तेवढी राहिली आहे.