आवाजांची यादी

फौजदारांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वही गुडघ्यावर उघडली. नदीकाठच्या उंच धरडीवरच्या करंजाआड गिरधर पाटील त्यांच्या शेजारी उकिडवा बसला होता. खालून, गोमाई नदीच्या वाळूतून, बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"मी विचारीन तेव्हा नाव सांगायचं," फौजदार म्हणाले. "चेहरा दिसत नसला तरी गावच्या पोलीस पाटलाला आवाज ओळखू येतो. येतो ना?"

"येतो, साहेब."

येत होता, हीच तर पंचाईत होती.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आणि गावातल्या सुना गौराई घेऊन नदीवर जात, आणि ऐलथडीच्या बायका पैलथडीच्या गावाला, पैलथडीच्या ऐलथडीला पोटभर शिव्या देत. वर्षभर सासरी गिळलेलं सगळं त्या एका दुपारी बाहेर पडे. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही, आणि कानावर आलंच तर मनावर घ्यायचं नाही. आखाजीची शिवी अंगाला चिकटत नाही, असं गाव मानत आलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात नंदुरबारात 'चले जाव'च्या मिरवणुकीवर गोळी चालली, सभा-मिरवणुका बंद झाल्या आणि यंदा शिव्यांचं तोंड फिरलं. शेजारच्या दोन गावांत बायकांनी एकमेकींना सोडलं आणि सरकारला धरलं. सणावर बंदी घालणं फौजदारांना जड गेलं, म्हणून ते वही घेऊन आले होते. वहीत नाव चढलं की शहाद्याची कोठडी.

गिरधर भित्रा होता. हे गावाला माहीत होतं आणि त्यालाही. सकाळीच त्याने आपल्या एकुलत्या लेकीला, कौसाबाईला, विनवून पाहिलं होतं.

"आज नदीवर जाऊ नको, बेटा. तुन्हा पाय पडस."

"आखाजीले घर बशी ऱ्हाऊ?" भाकर थापता थापता ती म्हणाली होती. "सासरे वरीसभर गप्पच ऱ्हास ना मी."

"तुन्हं नाव लागनं तं सासरना, धानोराना लोके तुले घरमा लेतीन का?"

"आवाजले तोंड नही ऱ्हास, आबा. कोन वळखी?"

ओळखायला आपल्यालाच बसवतील, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. फौजदार दुपारी आले आणि त्याला घरून उठवून थेट इथे घेऊन आले.

खाली हसणं थांबलं. एक आवाज उंच चढला, जरासा खरखरीत, ओळीच्या शेवटी किंचित फुटणारा.

*फौजदार उना तोरामा,*
*टोपी पडनी गारामा,*
*टोपी देजो गोराले,*
*म्हनजो जाय घरले!*

दोन्ही थडींवरून बायकांनी ते उचललं. फौजदारांनी नकळत टोपी चाचपली.

"हा पहिला आवाज कोणाचा?"

गिरधरने खाली नदीकडे पाहिलं.

"कोणाचा, पाटील?"

"सुंदरबाई," त्याच्या तोंडून निघून गेलं.

खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. वीस वर्षं आखाजीची पहिली ओळ त्या आवाजात ऐकायची त्याच्या कानाला सवय होती, आणि भेदरलेल्या माणसाचं तोंड सवयीनेच चालतं. पण सुंदरबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या मृत्यूची नोंद गावच्या नोंदवहीत त्यानेच केली होती. आवाज आता लेकीच्या गळ्यात होता.

"कोणाची कोण?"

चूक सुधारायची तर लेकीचं नाव द्यावं लागणार होतं.

"माझी बायको, साहेब."

फौजदारांची पेन्सिल थांबली. त्यांनी पाटलाकडे प्रथमच नीट पाहिलं. "स्वतःच्या बायकोचं नाव दिलंत. मी वर लिहीन तुमच्याबद्दल."

खाली दुसऱ्या आवाजाने नवं कडवं उचललं. ती शेजारची धनुबाई होती, रोज सकाळी ताकासाठी कुडावरून हाक मारणारी.

"ही?"

"फुलीबाई," गिरधर म्हणाला.

या वेळी तोंड चुकलं नव्हतं. फुलीबाई पटकीत गेली होती. पुढचा आवाज कमलबाईचा होता, त्याने सोनीबाईचं नाव दिलं. तिला साप चावला होता. मग फुलवंताबाई, बाळंतपणात गेलेली. नोंदवहीची पानं डोळ्यांपुढे उलटत होती आणि तो एकेक नाव वाचल्यासारखा सांगत होता. भीती कमी झाली नव्हती. उलट प्रत्येक नावागणिक वाढतच होती. पाटीलकी गेलीच, आता कोठडी आपल्याला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

सात नावं झाली. फौजदारांनी वही मिटता मिटता पुन्हा उघडली.

"यातली कुणी आजारी, बाळंतीण वगैरे नाही ना? मागाहून सबबी नकोत."

"नही, साहेब. आता कोन्ही आजारी नही."

"मग उद्या सकाळी सातही जणी चावडीवर हजर करा. मी रात्री शहाद्याला जाऊन परत येतो."

दिवेलागणीला कौसाबाई ओल्या लुगड्याने घरी आली. वाळूतून नाचून तिचे पाय राखाडी झाले होते, गळा बसला होता. बाप ओसरीत मांडीवर जुनी नोंदवही घेऊन बसला होता आणि तिच्यात ठिकठिकाणी ज्वारीच्या पात्याच्या खुणा घालत होता.

"हाई काय शे, आबा?"

"सकाळे चावडीवर लई जानी शे. फौजदारनी सात जनीस्ले बलायेल शे." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "तुन्ही माय पहिली शे."

कौसाबाई दारातच उभी राहिली. मग हळूच खाली बसली. तिने खुणेचं पान उघडलं. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण ते पान तिला माहीत होतं. आई गेली त्या दिवशी ते लिहिताना तिने पाहिलं होतं. शाई एका जागी पसरली होती.

गिरधरने नोंदवही फडक्यात ठेवली आणि गाठ मारायला घेतली. गाठ दोनदा सुटली. कौसाबाईने फडकं आपल्याकडे ओढलं आणि गाठ मारून दिली.

मग ती चुलीपाशी गेली आणि आबासोबत शहाद्याला बांधून द्यायच्या भाकरींचं पीठ वेगळं काढू लागली.