पडद्याचा दांडा

ओरेस्ट पिडहोर्नीला आपली रायफल विकायची होती आणि गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सस्कॅचेवानमधल्या त्या गावात माणसं थोडी, आणि पोस्ट म्हणजे किराणा दुकानाच्या मागच्या अंगाला डार्लीनचं काउंटर. तिथे कुणाचं काही लपत नसे. पण सगळे काही ठाऊक नसल्यासारखं वागत, आणि यालाच गावात खासगीपणा म्हणत.

विकायचं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. गेल्या शिकारीच्या हंगामात झाडीतल्या एका हरणावर त्याने नेम धरला होता. बोट चापावर गेलं, तेवढ्यात हरणाने थर्मास उघडून कॉफी ओतली. तो वासिल होता, शाळेपासूनचा मित्र, अंगात शिकारी दुरून ओळखू यावा म्हणून घालतात ते भडक केशरी जॅकेट. ओरेस्टने रायफल खाली घेतली, घरी येऊन कपाटात कुलूपबंद केली आणि हरीण दिसलं नाही म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

डोळ्यांचं बाहेर फुटलं तर गाडीचा परवाना जाणार. आणि त्या मुलखात गाडीवाचून माणूस म्हणजे कुंपणाचा खांब.

गिऱ्हाईक मिळालं ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाचं, न्यूफाउंडलंडचं. नाव जेरार्ड कीपिंग. खासगीपणाच्या बाबतीत तो ओरेस्टच्या वरताण निघाला.

"माझा बंदुकीचा परवाना फक्त तुम्ही बघायचा. बायको नाही, शेजारी नाही. हल्ली कुणाच्या हाती काय पडेल, नेम नाही."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," ओरेस्ट म्हणाला.

परवान्याचा फोटो फोनवर आला, जन्मतारखेवर अंगठा ठेवून काढलेला. ओरेस्टने भिंग घेतलं, खिडकीशी गेला, नंबर उतरवला आणि विक्रीआधी कायद्याने तपासावा लागतो म्हणून परवाना कचेरीला फोन लावला.

"हा नंबर वैध नाही, सर," तिथल्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे रद्द झालाय?"

"ते सांगता येणार नाही. खासगी माहिती आहे."

"निदान जवळपास तरी आहे का?"

"जवळपास असं आम्ही बघत नाही, सर."

कीपिंग भडकला. "इतकी वर्षं परवाना चोख आहे माझा! थांबा, व्हिडिओवर धरतो, तुम्हीच बघा."

पडद्यावर एक चेहरा आला. चेहऱ्याच्या मधोमध ओरेस्टला धुक्याचा गोळा दिसत होता, पण तो त्याला हल्ली सगळ्यांच्याच चेहऱ्यावर दिसे. शेजारी एक कार्ड आलं.

"आता ठीक आहे?"

"एकदम ठीक. फोटोही चांगला आलाय तुमचा."



"मिस्टर पिडहोर्नी, हे कॉफीच्या दुकानाचं कार्ड आहे. दहावी कॉफी फुकट. यावर डोनटचं चित्र आहे."

ओरेस्टने भिंग टेबलावर ठेवून दिलं.

"डोळे?" कीपिंगने विचारलं.

"मधला भाग. कडेकडेचं दिसतं."

"मग आधी बोलायचं ना, बाबा! मी नंबर वाचून दाखवतो, तुम्ही लिहून घ्या, विषय संपला."

"नंबर कुणीही वाचेल. चोरलेला परवाना असला तरी वाचेल. चेहरा जुळायला नको?"

"अहो, माझाच आहे चेहरा!"

"असेलही. पण मला दिसत नाही." न दिसणाऱ्या माणसावर त्याने एकदा बंदूक रोखली होती. दुसऱ्यांदा टपालाने रोखायची त्याची तयारी नव्हती.

कीपिंगने मोठा सुस्कारा सोडला. "बरं, दाखवा बायकोला. पण जन्मतारखेवरचा अंगठा मी काढणार नाही."

झेनिया पिठाच्या हाताने आली, हात पुसले, चष्मा लावला. नवऱ्याने तिला सांगितलं ते एवढंच, की अक्षर बारीक आहे. तिने नंबर वाचला, फोटो बघितला, पडद्यावरचा माणूस बघितला.

"नाक तेच आहे. गाल वाढलेत."

"ताई, हिवाळा मोठा असतो इकडे," कीपिंग म्हणाला.

कचेरीतल्या बाईंनी या वेळी नंबर वैध ठरवला आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक दिला. तो झेनियानेच लिहून घेतला. पैसे आल्यावर लांबट खोकंही तिनेच बांधलं. एका शब्दाने काही विचारलं नाही. त्यानेच ओरेस्ट हैराण झाला. गाडीपाशी तो नेहमीच्या दाराकडे गेला, थोडा वेळ थांबला, मग वळसा घालून आला आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

"आरसे नीट करून घे," तो म्हणाला.

"केलेत. कधीचेच," झेनिया म्हणाली.

डार्लीनने खोक्याची लांबी बघितली. पोहोचल्यावर सही लागेल आणि घेणाऱ्याचं वयही तपासावं लागेल, हे झेनियाकडून ऐकून घेतलं.

"पडद्याचा दांडा ना?"

"पडद्याचा दांडा," झेनिया म्हणाली. त्या गावातून दरवर्षी बरेच पडद्याचे दांडे जात.

मग डार्लीनची नजर झेनियाच्या हातातल्या किल्ल्यांवर गेली, आणि या एका बाबतीत तिला गावचा खासगीपणा पाळता आला नाही.

"गाडी तू आणलीस?"

"डोळे गेलेत माझे, डार्लीन," ओरेस्ट म्हणाला. बिस्किटांच्या फळीपाशी दोघंजण उभे होते, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हंगामापासूनच."

डार्लीनने खोक्यावर शिक्का मारला.

"वासिलला तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतो," ओरेस्ट म्हणाला. "आधी त्याला खुर्चीत बसवावं लागेल."