होल्डवरची अडीच मिनिटं

आमच्या खात्यात सात जण आहेत आणि आमचं काम म्हणजे लोकांची भांडणं ऐकणं. घरचं इंटरनेट बंद पडलं की लोक हेल्पलाइनला फोन लावतात, तिथल्या मुलींवर तोंडसुख घेतात, आणि असे कॉल लाल खूण होऊन अर्ध्या तासात आमच्याकडे येतात. ग्राहक काय बरळला याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. मुलगी कशी बोलली, तिने आवाज चढवला का, याचे आम्ही गुण देतो. मी अकरा वर्षं देतेय. खात्यात मला रागातली तज्ज्ञ समजतात. घरी गेल्यावर ही तज्ज्ञ काय दिवे लावते ते खात्याला ठाऊक नाही.

ग्राहकांना एक गोष्ट माहीत नसते. होल्डवर ठेवलं की त्यांना संगीत ऐकू येतं, पण त्यांच्या बाजूचं रेकॉर्डिंग चालूच राहतं. त्या वेळात माणसं गातात, घोरतात. एकाने तर आपली सगळी तक्रार कुत्र्याला पहिल्यापासून पुन्हा सांगितली होती. असे तुकडे आम्ही चारच्या चहाला स्पीकरवर लावतो. नियमात बसत नाही, पण दिवस जातो.

त्या दिवशी रेडिओने लावला. रेडिओ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. तोंडाला विश्रांती नाही म्हणून हे नाव पडलं. "ऐका, आजचा नग," तो म्हणाला.

हेल्पलाइनची मुलगी नवीन वाटत होती. "सर, मोडेमचा एकही दिवा लागत नाही म्हणताय, तर तो कुठे पडला वगैरे होता का?"

"पडला म्हणजे? मी पाडला म्हणायचंय का तुम्हाला? अक्कल गहाण टाकून येता का कामाला? एक काम धड होत नाही! आता का तोंड शिवलं? बोला ना!"

आवाज नुकताच फुटलेला, अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा. शेवटच्या शब्दावर तो चिरकला आणि आम्ही सगळे हसलो. मीही खळखळून हसले. "काय जीभ आहे मेल्याची," असंही वर म्हणाले.

मग ते 'आता का तोंड शिवलं' माझ्या डोक्यात शिरलं. असं दुसरं कोणी म्हणत नाही. माझी आई म्हणायची आणि मी म्हणते.

ग्राहकाचा नंबर आम्हाला दिसत नाही, नुसती वेळ दिसते. तीन वाजून दहा मिनिटं. माझा मुलगा शाळेतून तीनला घरी येतो. पंधरा वर्षांचा आहे. घरात आम्ही दोघंच. पोटच्या पोराचा आवाज मला ओळखू आला नव्हता, माझं वाक्य मात्र ओळखू आलं. मी हातातला कप खाली ठेवला.

आणि सकाळ आठवली. त्याचा एक बूट सापडत नव्हता, मला उशीर होत होता. शेवटी बूट मीच शोधला आणि मीच भिरकावला. त्याच्या अंगावर नाही, तो आतल्या खोलीत होता. फळीवर. फळीवरून मोडेम खाली आला. तो पडलेला मी पाहिला, दार आपटलं आणि निघाले. बसमध्ये बसेपर्यंत विसरूनही गेले होते.

"आता होल्ड येतोय," रेडिओने बोट वर केलं. "इथेच खरी मजा आहे. मी अजून पुढचं ऐकलं नाही, तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग घसा साफ केल्याचा. मग माझा मुलगा अगदी बेताच्या आवाजात म्हणाला, "आई, नेट बंद पडलंय."

लगेच दुसरा आवाज आला. तो माझा होता. म्हणजे त्याच्याच तोंडून, पण माझा, शब्दांच्या मध्ये मी घेते त्या श्वासासकट. "बंद पडलंय म्हणजे? आणि तू काय करत होतास? डोळे भाड्याने दिलेस का?"

कोणीतरी हसलं. मला तिथून उठता येईना.

तो पुन्हा म्हणाला, "आई, सॉरी. माझा धक्का लागला मोडेमला."

"सॉरी बोललं की मोडेम जोडला जातो का? एक वस्तू धड ठेवू नकोस घरात!"

मग खूप गोड, खूप हळू, "आई, दमलीस का?"

"गोड बोलू नकोस. काय मोडलंस ते सांग."

संध्याकाळी मला काय सांगायचं ते यानंतर त्याने बसवून पाहिलं नाही. नुसता "श्या" म्हणाला. तिन्ही वेळा तोच हरला होता, आणि तिन्ही वेळा त्याचं काही चुकलं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगते. मला स्वतःची भीती वाटली. असली बाई आपल्या घरात राहते आणि संध्याकाळी साडेसहाला येणार आहे.

होल्ड संपला. "सर, आहात ना लाइनवर?"

"हो. ताई, मघाशी मी फार वाईट बोललो. सॉरी. आमच्या घरी असंच बोलतात."

आमच्या फॉर्मवर ग्राहकाने माफी मागितली तर टिकमार्क करायला चौकट नाही. अकरा वर्षांत लागलीच नाही.

"कुणाच्या घरचं आहे देव जाणे," रेडिओ म्हणाला.

"माझ्या," मी म्हणाले.

स्पीकर कोणी बंद केला ते मी पाहिलं नाही.

साडेसहाला दार उघडलं तेव्हा तो समोरच उभा होता. मोडेम टेबलावर, कपड्याने पुसून, वायर नीट गुंडाळून ठेवलेला. त्याने माझी पिशवी घेतली आणि खूप गोड, खूप हळू आवाजात म्हणाला, "आई, दमलीस का?"

सगळं माहीत असूनसुद्धा, देवाशपथ, तेच 'गोड बोलू नकोस' माझ्या जिभेवर आलं. मी दात आवळले आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. माझं उत्तर तो माझ्याआधीच, आवाज न करता म्हणत होता.

"मोडेम मी पाडला," मी म्हणाले. "सकाळी, बुटाने. मी पाहिलंही होतं."

त्याचे ओठ थांबले. "पाहिलं होतंस?"

"हो."

"पाहिलं होतंस आणि निघून गेलीस?" त्याचा आवाज चढला, फुटला, चिरकला. "मी तीन वाजल्यापासून नुसता घाबरून बसलोय! त्या ताईंना वाटेल ते बोललो! माझा धक्का लागला असं सांगणार होतो मी तुला! आता का तोंड शिवलं? बोल ना!"

बोलला आणि स्वतःच गोठला. हात आपोआप डोक्यावर गेला, मार चुकवायला जातो तसा. मी त्याला आजवर एकदाही मारलेलं नाही. तरी हात गेला.

"सॉरी," मी म्हणाले.

त्याने हात खाली घेतला नाही. तसाच, हाताखालून, माझ्याकडे बघत एक पाऊल मागे सरकला आणि वाट पाहू लागला. यापुढचं वाक्य त्याने बसवलंच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.