गाल २३

बाबांनी मारलं की आई आधी तोंड धुवायची आणि मग कॉम्प्युटर लावायची. टीव्हीला जोडायचा, कीबोर्डच्याच पेटीत सगळा मावलेला तो घरगुती कॉम्प्युटर बाबांनीच हौसेनं आणला होता आणि महिन्याभरात त्याला विटले होते. आई एका बोटानं टाइप करायची. लागलं असेल त्या जागेचं नाव, पुढे तिथं कितव्यांदा लागलं तो आकडा. गाल ४. मनगट २. फाईल रिकामीच सेव्ह करायची. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. "आत काही लिहीत का नाहीस?" मी विचारलं. सुजलेल्या ओठांनी ती म्हणाली, "लिहायचं काय त्यात? तारीख आणि वेळ मशीन आपणहून टाकतं. माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही, मशीनवर ठेवतील."

कुणी विचारायलाच आलं नाही. बाबांनी तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं त्या दुपारी शेजाऱ्यांनी रेडिओ मोठा केला. पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा झोपेत गेले. त्या माणसाला इतकं सोपं मरण मिळालं याचा मला अजून संताप येतो.

दादा आईजवळ राहिला. मी दोन गल्ल्या सोडून रेडिओ, टीव्ही, जुनी यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बाबांना जाऊन वर्ष झालं असेल, आई म्हणाली, "कॉम्प्युटरचं घड्याळ बंद पडलंय रे. तेवढा सेल बदलून दे."

"बाबा गेले, आता तारीख कशाला हवी तुला?"

"असू दे. घड्याळ चालू असलेलं बरं."

"चालू केलंस की तारीख हातानं घालत जा."

"माझ्या हातानं घातलेल्या तारखेला कोण विचारतो?"

मी हसलो. हसलो मी! पुढच्या दोन वर्षांत तिनं आणखी तीनदा सांगितलं आणि तीनदा मी वेळ मारून नेली. वीस मिनिटांचं काम. गावभरचे रेडिओ बोलते केले आणि आईचं घड्याळ बंदच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग ती गेली. दादा म्हणाला, बाथरूममध्ये पडली, दोन दिवसांनी झोपेतच गेली. डॉक्टरनंही तेच लिहिलं.

पंधरा दिवसांनी, सकाळीच, मी हत्यारांची पेटी घेऊन तिच्या खोलीत गेलो. उशिरा का होईना, शब्द पाळावा म्हणून. कॉम्प्युटर उघडला. जुना सेल फुटून त्याचं हिरवं पाणी बोर्डावर पसरलं होतं. तो कापून काढला, जागा व्हिनेगरनं घासली, नव्या सेलची डबी बसवली. जुना सेल चार्ज होणारा असतो, नवा तसा नसतो. मध्ये डायोड घातला नाही तर मशीन त्याच्यात वीज ढकलत राहतं आणि एक दिवस तो फुटतो. डायोड घातला. तारीख, वेळ लावली. सोल्डरिंग आयर्न अजून तापलेलंच होतं. मग आई जिच्यावर फायली ठेवायची ती फ्लॉपी आत सारून यादी उघडली.

बाबांची शेवटची फाईल त्यांच्या मरणाच्या आठवड्यातली होती. गाल २२. तिच्याखाली गाल २३.

गाल २३, मनगट १२, कान ९, पाठ ३१. बाबांच्या मागच्या एकेचाळीस फायली. सगळ्यांची तारीख एकच, एक जानेवारी १९८०. घड्याळ मेलं की मशीन तिथंच परत जातं. सगळ्यात शेवटी डोकं ४.

घड्याळ बाबांच्या मागे बंद पडलं होतं. बाबांच्या मागे या घरात दोनच माणसं होती.

"दादा, इकडे ये."

तो आला, त्यानं वाचलं. या फायली कसल्या ते त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. तो जराही चपापला नाही.

"गॅस चालू ठेवायची. रात्रंदिवस हाका मारायची. उचलला असेल हात एखाद्या वेळी."

"एकेचाळीस वेळा?"

"तू महिन्यातून एकदा बिस्किटं घेऊन यायचास, तुला काय कळणार?"

"आणि डोकं?"

"जा ना पोलिसांकडे. दाखव त्यांना. एक जानेवारी ऐंशी! तेव्हा मी दुसरीत होतो." तो हसला. "सेल तूच बदलला नाहीस ना रे, मेकॅनिक?"

त्यानं फ्लॉपीकडे हात नेला. मी तो धरला. त्यानं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि माझ्या उजव्या मनगटावर दाबलं. जळक्या कातडीचा वास मला आधी आला, वेदना मागून. डाव्या हाताला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लागला, विटेएवढा, विटेहून जड, वायरीसकट. तो त्याच्या तोंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो पलंगावर आदळून खाली आला, तरी मी थांबलो नाही. आणखी दोनदा मारलं. एकदा आईसाठी. दुसऱ्यांदा कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही. तेव्हा मला बरं वाटत होतं, एवढं खरं आहे.

तो जमिनीवर पडून रक्तातून श्वास घेत होता. एक दात माझ्या बुटाजवळ होता. खाण तशी माती म्हणतात. मी आजवर समजत होतो, ते दादाबद्दल आहे.

वायर उपटली गेली होती. ती पुन्हा जोडली. पडदा उजळला. मशीन बंद पडून चालू झालं तरी घड्याळ बरोबर होतं; सेल चांगला बसला होता. मी तोंड धुऊन आलो आणि डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं. जबडा १. या घरात जबडा आधी कुणाचा मोडला नव्हता.

मग फोन केला. अँब्युलन्स मागितली, पोलीसही मागितले.

"कधी झालं हे?" पलीकडच्यानं विचारलं.

मी पडद्यावर बघून सांगितलं, "आज. अकरा बेचाळीस."