पान चार

ऑफिसात तिला मागून सगळे कुलूपवाली म्हणत. म्हणोत बापडे. आठ महिने खपून तिने डिजिटल पुस्तकांसाठी कुलूप बनवलं होतं: पुस्तक वाचता येईल, पण ओळीचीही कॉपी निघणार नाही. कुणी काढायला गेलाच, तर त्याचं नाव, पान आणि वेळ आतल्या नोंदवहीत उमटणार. आज एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीणबाई ते बघायला येणार होत्या. त्यांनी घेतलं तर ती या कामाची प्रमुख होणार होती. नाही घेतलं तर महिनाअखेरीस काम बंद, आणि तीही घरी.

"तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा," साहेब सकाळी म्हणाले. "खोलीला शोभा येईल. बोलायचं मी बघतो. आणि जरा हसा हो, एवढा छान चेहरा दिलाय देवाने!"

सादरीकरणातही साहेबांनी हात घातला होता. चौथ्या पानावरचा तिचा आराखडा उडवून तिथे ऑफिसातल्या एकाकडून तिचा फोटो लावून घेतला होता, भला मोठा. मग फाइलला तेच कुलूप लावून ती घरी घेऊन गेले होते. सकाळी तिने नोंदवही उघडली. पान चार. साहेबांचं नाव. रविवारी दुपारपासून कॉपीचे सतरा प्रयत्न. ही नोंदवही साहेबांना माहीत असायला हवी होती, पण त्यासाठी तिचा अहवाल वाचावा लागला असता.

नोंद खोडता येत नव्हती. तशी सोय तिनेच केली होती.

मालकीणबाईंनी अर्धा तास मुकाट्याने ऐकलं. फोटो आला तेव्हा नुसता चष्मा वर सरकवला. ती खुर्चीत हसत नव्हती.

"कुंपणानेच शेत खाल्लं तर?" बाईंनी विचारलं. "माझ्याच माणसाने कॉपी काढायला घेतली, तर मला कळेल?"

"अर्थात! लगेच!" साहेब म्हणाले.

"दाखवा."

साहेबांनी चार बटणं दाबली. मग तिच्याकडे बघितलं. "मॅडम, जरा दाखवा बरं यांना."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नोंदवही उघडली तर साहेब उद्या तिला टिकू देणार नाहीत. नाही उघडली तर कुलूप खोटं, आठ महिने खोटे. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त संताप येत होता. ती उठली आणि तिने नोंदवही पडद्यावर घेतली.

बाईंनी मोठ्याने वाचलं. "पान चार. सतरा वेळा." त्या साहेबांकडे वळल्या. "नाव तुमचंच ना?"

"ते... चाचणी घेत होतो," साहेब म्हणाले. कपाळावर घाम डवरला होता.

"सगळ्या चाचण्या पान चारवरच?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सतरापैकी कॉपी किती निघाल्या?"

"एकही नाही," ती म्हणाली.

"मग कुलूप पक्कं आहे. आता कसं बनवलंत ते तुम्हीच सांगा. त्या फोटोच्या जागी आधी काय होतं, तिथून सुरू करा."

तिने मार्कर उचलला आणि फळ्यावर आराखडा काढायला घेतला. फळ्यापाशी साहेबांची अडचण होऊ लागली, म्हणून ते पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. खोलीला फारशी शोभा आली नाही.