हाताची सवय

उंदरानं घाबरता कामा नये, एवढंच नूपुर परातेला साधायचं होतं.

भीती वाटली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ताणाचं संप्रेरक रक्तात सोडते. पिंजऱ्यात एकटं ठेवलेल्या उंदरात ते एकत्र राहणाऱ्यांपेक्षा किती वाढतं, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी उंदीर मारावा लागतो. आणि मरताना तो घाबरला, तर एकटेपणाचं माप त्या भीतीत बुडून जातं. म्हणून आधी त्याला माणसाच्या हाताची सवय लावायची.

नूपुरनं ती महिनाभर लावली. रोज सकाळी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये जाऊन एकेकाला तळहातावर घ्यायची, पाठीवरून बोट फिरवायची. सुरुवातीला सगळेच थरथरले. मग शेपटीवर निळी खूण असलेला एक, दार उघडताच आपण होऊन हातावर चढू लागला, बाहीत शिरून झोपू लागला. सक्करदऱ्याच्या खोलीवर नूपुर एकटीच असायची. सोबतची मैत्रीण लग्न होऊन गेली, तेव्हापासून तिची वाट पाहणारं तिथं कुणी नव्हतं. उमरेडहून आईचा फोन यायचा, "जेवली काय वं?" त्यापुढे दोघींनाही काही सुचायचं नाही.

शेवटच्या दिवशी पिंजरे धुणाऱ्या कवडूभाऊंनी तिला हटकलं.

"मॅडम, लय लाडावून ठेवलं तुमी त्याले. आता हात चालन काय?"

"चालवाच लागन, भाऊ."

"मी करून देतो. तुमी चहा पेऊन या."

क्षणभर तिला मोह झाला. "नाही," ती म्हणाली. "तुमचा हात नवा आहे त्याले. भेते तो."

"वा! एवढी काळजी, अन् जीवही तुमीच घेता," कवडूभाऊ पुटपुटले आणि बाजूला झाले.

निळ्या खुणेचा उंदीर नेहमीसारखा हातावर चढला. शेवटपर्यंत तो तिची बाही हुंगत होता.

आकडे आले. एकट्या ठेवलेल्या उंदरांमध्ये संप्रेरक चांगलंच वाढलेलं दिसत होतं. निळ्या खुणेचा आकडा मात्र एकत्र राहिलेल्यांइतकाच खाली होता.

"हा एक वेगळाच निघाला," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "एकटाच ठेवला होता ना, नक्की?"

"हो सर."

"मग याला एकटं वाटलंच नाही म्हणायचं." सर हसले. "असू द्या. पुढच्या बॅचमध्ये बघू."

सोमवारी नवे उंदीर आले. नूपुरनं पहिल्या पिंजऱ्यात हात घातला. आतल्यानं कोपऱ्यात अंग चोरलं आणि तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं.

"अवो मॅडम, हात काढा ना! काय करून राहिल्या?" कवडूभाऊ ओरडले.

नूपुरनं हात काढला नाही. चावू दे, तिला वाटलं. थोडे दिवस तरी चावू दे.